मत मंडळीचं की माझं?

आमच्या मंडळीची, म्हणजे आमच्या स्थानिक चर्चची, प्रतिनिधी म्हणून मी चर्चच्या राष्ट्रीय महासभेला गेले होते, तिथून परत येऊन तीन आठवडे झाले. निघताना मंडळीतल्या बऱ्याच जणांनी हात धरून बजावलं होतं, "पेन्शनच्या ठरावाला विरोधच करायचा हं." मी विरोध केला नाही. तेव्हापासून उपासना संपल्यावर काही जण नजर चुकवून निघून जातात. मला ते लागलंय, म्हणून सगळं नीट लिहिते.

ठराव असा होता: निवृत्त पाळकांच्या (चर्चच्या धर्मगुरूंच्या) आणि पाळकांच्या विधवांच्या पेन्शन फंडात प्रत्येक मंडळीनं आपला वाटा वाढवायचा. आमच्या चर्चचं छप्पर गळतंय, दुरुस्तीचे पैसे अजून जमायचेत. म्हणजे आमचा विरोध काही कंजूषपणातून आलेला नव्हता, हे मला पक्कं ठाऊक होतं आणि तिथे मी ते सांगितलंही.

महासभा म्हणजे नुसती भाषणं आणि गाणी, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा कामकाजाला बसून पाहावं. सूचक, अनुमोदक, दुरुस्ती, त्या दुरुस्तीवर आणखी दुरुस्ती. रात्री नऊ वाजता एका शब्दावरून अर्धा तास जातो. पहिल्या दिवशी मला याचा वैताग आला होता. पण हे नियम कशासाठी लागतात ते तिसऱ्या दिवशी कळलं. सभा चालवण्याचे जे नियम आज जगभर अनेक ठिकाणी वापरतात, ते लिहिणारे हेन्री मार्टिन रॉबर्ट हे अमेरिकी सैन्यातले इंजिनिअर. 1863 च्या सुमारास एका चर्चमध्ये भरलेल्या सभेचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं आणि सभा कशी चालवतात हेच त्यांना माहीत नव्हतं. त्या दिवसाची बोच त्यांनी मनात ठेवली, अभ्यास केला आणि 1876 मध्ये नियमांचं पुस्तक काढलं. नियम नसले की ज्याचा आवाज मोठा त्याचीच सभा होते.

आमच्याकडे बोलायला दोन मिनिटं मिळायची. माइकसमोर एक दिवा होता, वेळ संपत आली की पिवळा व्हायचा. पेन्शनच्या ठरावावर एक वयस्कर बाई रांगेत उभ्या राहिल्या. हातात चार घड्या घातलेला कागद होता, तो त्यांनी उघडलाच नाही. म्हणाल्या, "आम्ही चौतीस वर्षांत अकरा मंडळ्या केल्या. प्रत्येक ठिकाणी चर्चच्या घरात राहिलो. साहेब गेले आणि नव्या पाळकासाठी मला ते घर रिकामं करावं लागलं. आमचं स्वतःचं घर कधी झालंच नाही." दिवा पिवळा व्हायच्या आतच त्या जागेवर जाऊन बसल्या.

घरी बसून आम्ही छपराचा हिशेब केला होता. त्या बाईंच्या घराचा हिशेब मात्र आमच्यापैकी कुणीच केला नव्हता. पाळकाला आपण राहायला घर देतो, म्हणून पगार कमी ठेवतो. मग तो निवृत्त झाला किंवा गेला की त्या कुटुंबाकडे ना घर, ना शिल्लक.

तरीही आमच्या मंडळीचं म्हणणं मी गिळून टाकलं नाही. माइकवर जाऊन छपराचं सांगितलं. आणखी दोन लहान मंडळ्यांचे प्रतिनिधीही तेच बोलले. त्यातून दुरुस्ती आली, की लहान मंडळ्यांनी वाढीव वाटा एकदम न देता तीन वर्षांत टप्प्याटप्प्यानं द्यावा. त्या दुरुस्तीसह मी ठरावाच्या बाजूनं कार्ड वर केलं.

"मग तुला पाठवलं कशाला?" असं एकानं विचारलं. प्रश्न रास्त आहे आणि जुनाही आहे. 2012 च्या नोव्हेंबरमध्ये चर्च ऑफ इंग्लंडच्या जनरल सिनॉडमध्ये, म्हणजे त्यांच्या महासभेत, स्त्रियांना बिशप करण्याचा प्रस्ताव सामान्य सभासदांच्या सभागृहात अवघ्या सहा मतांनी पडला. दोन तृतीयांश मतं हवी होती, 132 बाजूनं आणि 74 विरोधात पडली. त्याआधी 44 पैकी 42 धर्मप्रांतांनी प्रस्तावाला होकार दिलेला होता. लोक चिडले, की हे प्रतिनिधी नेमके कुणाचे? 2014 मध्ये तो मंजूर झाला. स्त्रिया बिशप व्हाव्यात असं मला मनापासून वाटतं, त्यामुळे 2012 च्या त्या निकालाचं वाईट वाटलं होतं. तरी हात बांधूनच पाठवायचं असेल तर माणूस कशाला, मत लिहिलेलं बंद पाकीट पाठवावं, असं मी तेव्हाही म्हणत होते.

मात्र आपल्या मनानं मत देणाऱ्यानं परत येऊन तोंड दाखवलं पाहिजे, यात मला सूट नको. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या 15 व्या अध्यायात अंत्युखियाच्या मंडळीनं पौल, बर्णबा आणि आणखी काही जणांना यरुशलेमेला पाठवलं. तिथे पुष्कळ वादविवाद झाला, पत्र लिहिलं गेलं. पण ते पत्र मंडळी जमवून तिच्या हाती दिलं, तेव्हा कुठे त्यांचं काम झालं. आपल्याकडे प्रतिनिधी परततात, अहवाल फाइलला लागतो आणि कोण कशाच्या बाजूनं उभं राहिलं ते मंडळीला कधीच कळत नाही. हे मला अजिबात मान्य नाही.

म्हणून येत्या रविवारी उपासनेनंतर मी थांबणार आहे. सगळे ठराव, माझं प्रत्येक मत आणि त्यामागचं कारण लिहून आणणार आहे. ज्यांना माझा राग आलाय त्यांनी तर नक्की थांबा. छपराचा आणि नव्या वाट्याचा हिशेबही आणते, पहिल्या वर्षी किती द्यावे लागतील ते समोर बसूनच मांडू.