नदीच्या वाट्याचं पाणी

दुष्काळ पडून धरणाचा साठा खाली गेला की सगळ्यांची नजर आधी वळते ती नदीसाठी राखून ठेवलेल्या पाण्याकडे. ‘माणसं तहानलेली असताना माशांसाठी पाणी सोडता?’ हा प्रश्न ऐकला की मला फार वाईट वाटतं. पिण्याचं पाणी सगळ्यात आधी, यात वादच नाही. दक्षिण आफ्रिकेच्या १९९८च्या जलकायद्यात माणसाच्या मूलभूत गरजा आणि नदीची गरज दोन्ही राखीव धरल्या आहेत. बाकीचं वाटप त्यानंतर.

दुष्काळात नदी दुथडी वाहावी असं कुणीच म्हणत नाही. प्रवाह तुटला की मागे डोह उरतात आणि जगलंवाचलेलं सगळं तिथे गोळा होतं. वरचं पाणी तापतं, शेवाळ माजतं, तळाच्या थंड पाण्यातला प्राणवायू संपतो. मग एकदम हवा गार होते, वरखालचं पाणी ढवळलं जातं आणि मासे गुदमरतात. ऑस्ट्रेलियात डार्लिंग नदीवर मेनिंडीजवळ डिसेंबर २०१८ आणि जानेवारी २०१९ मध्ये हेच झालं. लाखो मासे मेले. त्यात कित्येक दशकं जगलेले मरे कॉडही होते. ती पिढी एका चांगल्या पावसाने परत येत नाही हो!

त्याच मरे-डार्लिंग खोऱ्यात २००७च्या कायद्याने नदीच्या पाण्याचं बँकेसारखं वेगळं खातं सांभाळणारा अधिकारी नेमला. या खात्यातले पाणीहक्क शेतकऱ्यांच्या हक्कांसारखेच असतात, म्हणजे टंचाईत नदीलाही कपात लागते. हे फार थोड्यांना माहीत असतं. बऱ्या वर्षी वाचवलेलं पाणी नियमांत बसेल तेवढं पुढच्या वर्षी नेता येतं, आणि टंचाईत लोकांना तेच ‘पडून राहिलेलं’ दिसतं.

नुसता दरवाजा उचलूनही भागत नाही. कोरड्या पात्रातला पालापाचोळा भिजून कुजला की पहिल्याच पाण्यात प्राणवायू घटतो. धरणाच्या तळाचं गार पाणी उन्हाळ्यात सोडलं तर माशांची वीण अडते. आणि वाटेतले पंप? २०१८ मध्ये याच खोऱ्यातल्या कोपेटन आणि ग्लेनलायन धरणांतून बारवन-डार्लिंग नदीसाठी पाणी सोडलं, तेव्हा ते खालपर्यंत पोचावं म्हणून उपशावर तात्पुरती बंदी घातली होती. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. सोडलेलं पाणी मध्येच उपसलं गेलं तर ते नदीच्या नावावर खर्ची का टाकायचं?

कोणता डोह आधी जगवायचा, किती पाण्यात, कोणत्या महिन्यात, ही यादी धरण भरलेलं असतानाच करून जाहीर करा. आणि प्रत्येक डोहापुढे पंप बंद ठेवायच्या तारखाही लिहा.