विष्ठेच्या रंगावरून रोगाचे नाव ठरत नाही

कोंबड्या पाळणाऱ्यांमध्ये एक रंगीत तक्ता मोबाइलवरून सतत फिरत असतो. हिरवी विष्ठा म्हणजे राणीखेत हा साथीचा रोग, पांढरी म्हणजे पिल्लांची पांढरी हगवण, लाल म्हणजे रक्ती हगवण, तपकिरी, चिकट आणि घाण वासाची म्हणजे आतड्यांचा संसर्ग, असे त्यात ठामपणे सांगितलेले असते. रंग दिसताच प्रतिजैविक सुरू करा आणि विष्ठा नेहमीसारखी असेल तर निश्चिंत राहा, हा सल्लाही त्यात असतो. विष्ठा रोज पाहावी, याबद्दल दुमत नाही. आक्षेप आहे तो एका रंगाला एक रोग चिकटवण्याला.

आधी तपकिरी विष्ठेचे पाहू, कारण या समजुतीपायी निरोगी कोंबड्यांनाही औषध पाजले जाते. कोंबडीला दोन आंधळी (एका टोकाला बंद असलेली) आतडी असतात आणि ती दिवसातून काही वेळा स्वतंत्रपणे रिकामी होतात. त्या वेळी पडणारी विष्ठा मोहरीच्या चटणीसारखी किंवा काळपट तपकिरी, लिबलिबीत आणि उग्र वासाची असते, तिच्यावर पांढरा थर नसतो, आणि ती पूर्णपणे नैसर्गिक असते. खुडूक कोंबडी तर विष्ठा बराच वेळ रोखून धरते आणि अंड्यांवरून उठल्यावर एकदम मोठा, दुर्गंधीयुक्त गोळा टाकते. तोही रोग नव्हे.

हिरव्या रंगामागे बहुधा पित्त असते. कोंबडीच्या पित्तातील मुख्य रंगद्रव्य हिरवेच असल्याने कोणत्याही कारणाने तिने खाणे सोडले, की रिकाम्या आतड्यांतून हिरवट विष्ठा येते. भरपूर हिरवा पाला खाल्ल्यावरही ती हिरवी दिसते. राणीखेतमध्ये हिरवी हगवण होते हे खरे, परंतु श्वासाची घरघर, मान वाकडी होणे, अंडी एकाएकी घटणे, भराभर मरतूक अशी लक्षणे कळपात दिसत असतील तरच त्या रंगाला अर्थ येतो. अशा वेळी तक्ता बाजूला ठेवून त्याच दिवशी पशुवैद्यकाला कळवावे.

पांढऱ्या भागाला घाबरण्याचे मुळातच कारण नाही. पक्षी वेगळी लघवी करीत नाहीत. मूत्रपिंडातून आलेले यूरिक आम्ल विष्ठेवर पांढऱ्या टोपीसारखे बसते. पांढरी हगवण हा प्रामुख्याने पहिल्या दोन-तीन आठवड्यांतील पिल्लांचा रोग आहे, आणि त्या वयातही मागची जागा विष्ठेने चिकटून बसते ती केवळ थंडी, अति उष्णता किंवा प्रवासाचा ताण यामुळेही. तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांत पांढरट पातळ हगवणीचे कारण गंबोरो हा रोग असू शकतो. वय न विचारता रोगाचे नाव सांगणारा तक्ता येथेच निरुपयोगी ठरतो.

लाल रंगाबाबत चूक दोन्ही बाजूंनी होते. आतड्याच्या अस्तराचे नारिंगी-तांबूस तुकडे विष्ठेत अधूनमधून दिसतात, ते रक्त नसते. उलट, रक्ती हगवणीला कारणीभूत असलेल्या आयमेरिया या परजीवींच्या अनेक प्रजाती रक्त न दाखवताच पिल्लांची वाढ खुंटवतात, म्हणून ‘लाल नाही, म्हणजे धोका नाही’ हा निष्कर्ष अधिक घातक आहे. खरे ताजे रक्त दिसले, पिल्ले पिसे फुगवून कोपऱ्यात बसली, तर मात्र एक दिवसही थांबू नये.

प्रतिजैविकाचा सल्ला तर सर्वांत चुकीचा. राणीखेत आणि गंबोरो हे विषाणूजन्य रोग असल्याने त्या विषाणूंवर प्रतिजैविक चालत नाही. आयमेरिया हा एकपेशीय परजीवी असून त्याच्यावर बहुतेक प्रतिजैविके निष्प्रभ ठरतात. त्यासाठी अँप्रोलियमसारखे वेगळे औषध असते, आणि ते देताना ब-१ जीवनसत्त्वाचे मिश्रण पाण्यात घातले तर औषधाचा परिणाम कमी होतो. शिवाय औषधाचे अंश अंड्यांत उतरतात.

निदान हवे असेल तर एकाच शिटेचा फोटो पाठवून भागत नाही. वेगवेगळ्या ठिकाणची ताजी विष्ठा स्वच्छ डबीत गोळा करून थंड ठेवावी आणि त्याच दिवशी तपासणीला द्यावी, कारण परजीवींची अंडी सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात. सोबत कोंबड्यांचे वय, लसीकरण, खाद्यातील बदल आणि किती कोंबड्या सुस्त आहेत, हे लिहून द्यावे.