“किती गेले?”

काल एका एसीवाल्याने मला सायबर फ्रॉडमधून वाचवलं. माझा राग अजून गेलेला नाही.

व्हिम या टेक्स्ट एडिटरचे प्लगिन अपडेट केले, एवढंच निमित्त. नंतर एडिटर उघडला तो लालभडक होऊनच. ई117, अननोन फंक्शन, म्हणजे हवं ते फंक्शन सापडत नाही. खाली ‘प्रेस एंटर’. दाबलं की पुढची चूक, पुन्हा ‘प्रेस एंटर’. दोष कोणाचा हे बघायला ‘--क्लीन’ लावून प्लगिनशिवाय व्हिम सुरू केला. असा कोरा उघडला की बऱ्याचदा मधोमध ओळ दिसते : युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा. व्हिमचे कर्ते ब्राम मोलेनार 1994मध्ये तिथे पाणी-स्वच्छतेचं काम करून आले होते; फुकट दिलेल्या एडिटरच्या बदल्यात त्यांचं मागणं एवढंच.

नेमका तेव्हाच एसीवाला शिडीवरून वाकला.

“साहेब, हे युगांडा काय?”

“काही नाही, तो मेसेज असतोच.”

“लिंक दाबली?”

“लिंक नाहीये ती.”

“ओटीपी?”

“अहो, हा एडिटर आहे. मी यात काम करतो.”

“माझा मेव्हणाही हेच म्हणायचा. घरबसल्या काम आहे म्हणे. चाळीस हजार गेले.”

फिल्टर तसाच लोंबकळत ठेवून तो स्वयंपाकघराकडे गेला. “वहिनी, साहेबांकडे जरा बघा.” बायको हात पुसत आली आणि त्याच्यादेखत म्हणाली, “किती गेले?”

मग दोघांना प्लगिन समजावले. बाहेरच्या लोकांनी बनवलेले जोडभाग. एसीवाल्याचा चेहरा उजळला. “मग बरोबर! लोकल पार्ट लावले की कंपनी हात वर करते.”

आणि हे खरंच आहे, म्हणून जास्त झोंबलं. प्लगिन सांभाळणारा मॅनेजर म्हणून पॅथोजेन शिकलो, तर व्हंडल आला. मग व्हिम-प्लग. 2016मध्ये व्हिम 8ने प्लगिन लोड करायची घरचीच सोय केली, तरी नवे मॅनेजर यायचे थांबले नाहीत. व्हिममधूनच फुटलेल्या निओव्हिमवाले पॅकरवर गेले, 2023मध्ये त्याची देखभाल थांबली, आता लेझी. दर वेळी तीच सेटिंग नव्या व्याकरणात लिहा. माझ्या प्लगिनवाल्याने तर एका ओळीत कळवलंय : हे फंक्शन काढलं आहे. कोणाला विचारून? फुकट देणाऱ्याला जाब विचारता येत नाही, कबूल. पण दुपार माझी गेली, तीही फुकटच.

संध्याकाळी बायकोने नेटबँकिंगचा पासवर्ड बदलला. नवा मला अजून सांगितलेला नाही.