यमाता आणि फऊलुन

गुहागरकडच्या एका वाचनालयाच्या कविसंमेलनात यंदा चांगलीच जुंपली. कॉलेजातल्या एका मुलानं कविता वाचली. अध्यक्षस्थानी बसलेल्या गुरुजींनी ‘यात वृत्त नाही, यती (ओळीतली थांबण्याची जागा) नाही, ही कविताच नव्हे’ असं सुनावलं. त्यावर तरुण मंडळी उसळली, वृत्त ही जुनी बेडी आहे म्हणाली. भावानं मला मस्कतला फोन करून सगळं सांगितलं आणि मुलाची कविताही पाठवली.

मी ती मोठ्यानं वाचली आणि अक्षरं मोजली. पहिल्या दोन कडव्यांत प्रत्येक ओळीत आठ अक्षरं. म्हणजे चक्क अष्टाक्षरी. आपल्या ओवी-अभंगांच्या घराण्यातली ही रचना लघु-गुरूची, म्हणजे आखूड-लांब उच्चाराच्या अक्षरांची, फिकीर करत नाही, फक्त अक्षरसंख्या पाळते. तिसऱ्या कडव्यात एका ओळीत ‘पण’ घुसला, दहा अक्षरं झाली आणि ठेका तुटला. मुलाला आपण काय करतोय ते ठाऊक नव्हतं, आणि गुरुजींनी लघु-गुरूचा क्रम ठरलेल्या अक्षरगणवृत्ताचा साचा लावून पाहिला, तो बसला नाही म्हणून पुढे ऐकलंच नाही. याचं मला फार वाईट वाटलं. ‘तुझ्या अष्टाक्षरीत इथे दोन अक्षरं जास्त झाली’ एवढं एक वाक्य त्या पोराला आयुष्यभर पुरलं असतं.

मी राहतो त्या ओमानशी अरबी छंदशास्त्राचं जवळचं नातं आहे. ते शास्त्र मांडणारा अल-खलील इब्न अहमद हा आठव्या शतकातला विद्वान मूळचा इथलाच, त्याचं काम झालं बसऱ्यात. अरबी कविता त्याच्या कितीतरी आधीपासून म्हटली जात होती. त्यानं ती ऐकून तिची पंधरा वृत्तं वेगळी केली, सोळावं मागाहून जोडलं गेलं. बाजारात हातोड्यांचे ठोके ऐकताना त्याला हे सुचलं, अशी कथा सांगतात. खरी असो-नसो, मला ती पटते.

माझ्या ऑफिसात वयानं मोठे असलेले एक ओमानी सहकारी आहेत. कवितेची ओळ अडली की ते टेबलावर बोटांनी ठेका धरतात: फऊलुन फऊलुन फऊलुन फऊलुन. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हातातलं काम टाकून उभा राहिलो. लघु-गुरू-गुरू, चार वेळा. हा तर आपला तीन अक्षरांचा य गण, यमाता यमाता यमाता यमाता, म्हणजे भुजंगप्रयात! आमच्या घरी दिवेलागणीला म्हटला जाणारा समर्थांचा श्लोक मी त्यांना म्हणून दाखवला: मना सज् / जना भक् / तिपंथे / चि जावे. त्यांना मराठीचं अक्षर कळत नाही, पण बोटं अचूक पडत गेली. त्यांच्याकडे या वृत्ताला मुतकारिब म्हणतात. अकराव्या शतकात अल-बिरुनीनं भारतावर लिहिताना आपले लघु-गुरू अरबी छंदशास्त्राशेजारी ठेवून पाहिले होते, तेव्हा ही ओळख जुनीच आहे.

शाळेत आम्हाला ‘यमाताराजभानसलगा’ हे गणांचं सूत्र पाठ होतं, गण पाडता येत होते. पण जोडाक्षराआधीचं ऱ्हस्व अक्षर गुरू का होतं, हे कुणी तोंडानं म्हणून दाखवलं नाही. ‘उद्या’ म्हणताना ‘उ’वर आघात येतो, म्हणून तो गुरू. ‘तुझ्या’ म्हणताना ‘तु’वर येत नाही, म्हणून तो लघुच. हा निवाडा कान करतो, वही करत नाही.

आणि कानाची कोकणात काय कमी आहे? जाखडी नाचाच्या बारीला शक्तीवाला शाहीर सवाल टाकतो आणि समोरच्या पक्षाच्या तुरेवाल्याला ढोलकीच्या चालीत, यमक साधून जवाब द्यावा लागतो. मात्रा कमी पडली की गडी कुठे ओढून घेतात आणि जास्त झाली की कुठे घाईनं उरकतात, ते समोर बसलेल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांना तत्काळ कळतं.

बेडीचा मुद्दाही मी सोडून देणार नाही. १९४७च्या सुमारास इराकमध्ये नाझिक अल-मलाइका आणि बद्र शाकिर अस-सय्याब यांनी अरबी कवितेची ठरलेल्या लांबीची ओळ मोडली. पण मूळ गण, तो ‘फऊलुन’सारखा तुकडा, त्यांनी राखला. ओळीत तो दोनदा आला काय, पाचदा आला काय, कवीची मर्जी. आपल्याकडे मुक्तछंदाचा पुरस्कार करणाऱ्या कवी अनिलांचाही लयीवर भर होताच. तेव्हा मुक्तछंद लिहिणाऱ्यांनी ओळ नेमकी कुठे तोडली आणि का, हे सांगता येण्याइतकं तंत्र शिकावं असं मला मनापासून वाटतं. तोडलेल्या जागी श्वास थांबतो, तिथला शब्द जड होतो. ते काम यतीचंच आहे, फक्त जागा कवीनं निवडलेली.

शाळांतून यती, यमक, गण, मात्रा जरूर शिकवा, नावांवाचून एकमेकांच्या कवितेविषयी बोलताच येत नाही. पण गणपतीच्या सुट्टीआधीचा एक तास गावच्या शाहिराला आणि त्याच्या ढोलकीवाल्याला द्या. पोरांना वह्या मिटून टाळ्यांवर भुजंगप्रयात म्हणू द्या, मग अष्टाक्षरी, मग हवा तर मुक्तछंद. गण फळ्यावर लिहायला गुरुजींनी दुसऱ्या तासाला यावं.