‘कमी झालं की वरून टाकायचं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

बांधकामाच्या साइटवरच्या वाहनांचे ब्रेक ऑइल दरवर्षी पावसाळ्यापूर्वी पूर्ण बदलावे, असे मी मागच्या लेखात लिहिले होते. त्यावर आपण लिहिलेत की, वीस वर्षे तेल कमी झाले की वरून टाकत आलो आणि ब्रेक कधी गेला नाही. टेबलावर बसून लिहिणाऱ्यांना साइट कळत नाही. गाडी दिवसभर उभी राहिली तर भाडे कोण देणार. आणि ज्यांच्या ब्रेकमध्ये मिनरल (खनिज) तेल असते त्या यंत्रांचा लेखात उल्लेखच नाही.

शेवटची गोष्ट मला मान्य आहे. तेलात बुडालेले ब्रेक असणाऱ्या अनेक बॅकहो लोडरना मिनरल तेल लागते आणि त्यात चुकून डॉट 3 किंवा डॉट 4, म्हणजे नेहमीच्या गाड्यांचे ब्रेक ऑइल, ओतले, किंवा उलट केले, तर आतली रबरे फुगून किंवा विरघळून निकामी होतात. लेख छोट्या टिपरविषयी होता, तरी एक ओळ असायला हवी होती.

पण ‘टेबलावर बसून’ हे शब्द वाचून वाईट वाटले, हे लपवत नाही. मी 1994 साली भोसरीतल्या एका गॅरेजात हेल्पर म्हणून लागलो. पहिली दीड-दोन वर्षे माझे काम एवढेच होते, की मिस्त्री गाडीखालून ‘मार’ म्हणाले की पेडल मारायचे आणि ‘धर’ म्हणाले की ते दाबून धरायचे. तोवर मिस्त्री चाकाजवळचे निपल, म्हणजे तेल सोडायचा छोटा स्क्रू, सैल करून ब्रेकच्या नळीतली हवा काढत. पुढे वाघोलीच्या खडी क्रशरवरच्या गाड्या माझ्या हाताखालून गेल्या. ब्रेकचा ड्रम उघडला की आत दगडाची भुकटी आणि पाणी मिळून झालेला राखाडी चिखल लायनरवर (ड्रमला घासून चाक अडवणाऱ्या अस्तरावर) थापलेला असे, तो नखांतून आठ-आठ दिवस निघत नसे. माणसाची चौकशी न करता त्याला टेबलावर बसवणे ही कुठली रीत?

आता आपले ‘वरून टाकत आलो’ हे वाक्य. ब्रेकचे तेल इंजिन ऑइलसारखे जळून कमी होत नाही. त्याची पातळी उतरते ती दोनच कारणांनी : एक तर लायनर झिजल्यामुळे चाकाजवळच्या सिलिंडरचे पिस्टन जास्त बाहेर येतात आणि मागची जागा तेलाने भरते, नाहीतर कुठेतरी गळती असते. म्हणजे पातळी उतरणे हा यंत्राने दिलेला निरोप आहे आणि आपण वीस वर्षे त्या निरोपावर तेल ओतत आला आहात. तेलात बुडालेल्या ब्रेकमध्ये तर पिस्टनचे सील गेले की तेल बाहेर थेंबभरही दिसत नाही, ते अॅक्सलमध्ये उतरते.

शिवाय वरून टाकल्याने जुने तेल जात नाही. डॉट तेल हवेतले पाणी ओढून घेते. नवे डॉट 3 किमान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असे मानक सांगते. त्याच तेलात 3.7 टक्के पाणी मुरले की ती मर्यादा 140 अंशांवर येते. उकळले की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल तळाला टेकते.

2009 च्या ऑगस्टमध्ये सूसच्या एका साइटवर हेच झाले. तळघराच्या रॅम्पवरून खडी घेऊन उतरणाऱ्या टिपरचे पेडल सहाव्या खेपेला खाली बसले. वेग ताशी दहा किलोमीटरही नसेल, पण पाठीवर पूर्ण भार आणि पाय सतत ब्रेकवर. ड्रायव्हरने गाडी मुरमाच्या ढिगात घातली म्हणून खाली सळई बांधणारी माणसे वाचली. मी पाऊण तासाने पोहोचलो तेव्हा पेडल पुन्हा कडक झाले होते, कारण ब्रेक थंड झाले की वाफेचे पुन्हा पाणी होते. ड्रायव्हर खोटे बोलतो असे म्हणून मालकाने त्याला तोवर कामावरून काढलेही होते. मी मागच्या डाव्या चाकाचे निपल सोडले, तर बिनदुधाच्या चहासारखे तेल आले आणि सिलिंडर खोलल्यावर आत बोटाला लागतील असे गंजाचे खड्डे होते. तेव्हा ‘ब्रेक कधी गेला नाही’ असे म्हणण्यापूर्वी, आपल्या किती ड्रायव्हरांनी तक्रार केली आणि त्यांना आपण काय उत्तर दिलेत, ते आठवून पाहावे.

भाड्याविषयी मी काही लिहिणार नाही. दोन माणसांचे अर्ध्या दिवसाचे काम आहे, ते पाऊस लागण्याआधी एखाद्या सुट्टीच्या दिवशी बसते. ज्याला बसवायचे नाही त्याला मी हिशेब मांडून दिला तरी तो बसवणार नाही.

मिनरल तेलाची ओळ आज रात्री मूळ लेखात घालतो आहे. टेबलाविषयीचे वाक्य मात्र आपण मागे घ्यावे, अशी माझी अपेक्षा आहे.