विमानातले देव बघायला आले होते, मावशी

परवा सकाळी सहाच्या सुमारास मावशीने घरच्या ग्रुपवर टाकलं: "कैलास लेणे माणसांनी कोरलेच नाही! शास्त्रज्ञ हैराण! पुढे पाठवा." हा मजकूर मी गेली कित्येक वर्षं वाचतेय आणि सोडून देतेय. या वेळी मात्र खाली भाचीचा व्हिडिओ होता. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत तिने हेच भाषण हातवारे करून म्हटलं, शेवटी "हे आपल्या पूर्वजांच्या हातून होणे शक्यच नव्हते" असं ठणकावून सांगितलं आणि दुसरा नंबर पटकावला. टाळ्या वाजवणाऱ्यांत मुख्याध्यापकही दिसतात. तेव्हा आता लिहितेच.

मजकुराचं म्हणणं असं. वेरूळच्या 16 क्रमांकाच्या लेण्यातून चार लाख टन दगड निघाला, तोही अवघ्या 18 वर्षांत, त्यामुळे हे परग्रहवासीयांचं काम. भिंतींवर त्यांचीच चित्रं आहेत. छतावर विमानांसाठी खूण आहे, खाली भुयारी शहर आहे. लेणं कुणी केलं याचा पुरावा नाही. आणि औरंगजेबाची हजार माणसं तीन वर्षं खपली तरी ते पाडता आलं नाही.

आधी हिशेब. चार लाख टन, 18 वर्षं, रोज बारा तास, म्हणजे तासाला पाच टन, "आजच्या यंत्रांनाही अशक्य". भागाकार बरोबर आहे. मग आणखी एक भागाकार करायला काय झालं होतं? अडीचशे माणसं कामावर होती असं धरा. माणशी तासाला वीस किलो. आमचे काका, म्हणजे याच मावशीचे यजमान, चाळीस वर्षं बांधकामावर होते. त्यांना विचारलं तर म्हणाले, "वीस किलो म्हणजे घमेलंभर खडी गं." बरं, चार लाख टन हा आकडाही फुगवलेलाच. लेण्याचं आवार साधारण 81 मीटर लांब, 47 मीटर रुंद, आणि सर्वांत उंच मागची भिंत 33 मीटरच्या आसपास. एवढा अख्खा ठोकळा भरीव धरला तरी साडेतीन लाख टनांच्या पुढेमागेच येतो. प्रत्यक्षात डोंगर पुढे उतरत येतो आणि मधला भलामोठा भाग देऊळ म्हणून तिथेच उभा आहे. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी एका माणसाने दिवसाला चार घनफूट दगड फोडला असं धरून मांडणी केली होती. अडीचशे माणसांना साडेपाच वर्षं पुरतात. दगड गेला कुठे, असंही मजकूर विचारतो. फोडलेला काळा दगड कुणी जपून ठेवतं का?

वरून खाली कोरत आले, हे मात्र खरं आहे. त्यात गूढ कसलं? खालून सुरुवात केली असती तर वरचा दगड डोक्यात पडला असता. भुयारी शहराबद्दल मी काही लिहिणार नाही. डोंगरात खणलेल्या आवारात पावसाचं पाणी साचू द्यायचं नसेल तर वाटा आणि भोकं ठेवावीच लागतात.

आता ती "चित्रं". माझं डोकं इथेच फिरलं, कारण भाचीने हे वाक्य सर्वांत रंगवून म्हटलं: "अर्धे साप, अर्धे मानव! ठेंगणे, ढेरपोटे जीव! अनेक हातांचे प्राणी! शिल्पकारांनी डोळ्यांनी पाहिले तेच कोरले!"

मावशी, दर नागपंचमीला तू पाटावर गंधाने नागोबा काढतेस, दूध-लाह्या ठेवतेस, त्या दिवशी विळीला हात लावू देत नाहीस. तुझ्या स्वयंपाकघरात कोण उतरलं होतं? आपल्याकडे नाग म्हणजे जमिनीखालचं पाणी, ओल, पीक आणि त्यांची राखण. महाबलिपुरमच्या गंगावतरणाच्या शिल्पात खडकाला मधोमध एक घळ आहे. पाणी वाहण्यासाठीच्या त्या घळीत नाग आणि नागीण कोरलेत, वर माणसाचं अंग, खाली सापाची शेपटी. तिथे ते पाण्याचे प्रवाहच आहेत. अजिंठ्याच्या 19 क्रमांकाच्या लेण्याबाहेर नागराजा राणीसोबत आरामात बसलाय, अंग माणसाचं, डोक्यामागे फणा. बौद्ध कथेत ज्ञानप्राप्तीनंतर वादळपाऊस येतो तेव्हा मुचलिंद नाग बुद्धावर फणा धरतो. एकच कल्पना बौद्धांनी वापरली, हिंदूंनी वापरली. ज्याला तिचा अर्थ ठाऊक नाही त्याला ती परग्रहावरची वाटते.

ठेंगणे, ढेरपोटे म्हणजे गण. शंकराच्या दारात ते नसतील तर कुणाच्या असणार? बौद्ध शिल्पात त्यांचे भाऊबंद यक्ष म्हणून येतात. सांचीच्या पश्चिम तोरणावर अशीच बुटकी मंडळी तुळयांचा भार पेलून उभी आहेत. आणि वेरूळपासून फार लांब नाही, कन्नड तालुक्यातल्या पितळखोऱ्याला एक यक्ष सापडला. पोट सुटलेलं, चेहऱ्यावर हसू, डोक्यावर वाडगं. सध्या तो दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. वय सुमारे दोन हजार वर्षं. त्याच्या हाताच्या पंजावर ब्राह्मीत कोरलंय की हा कण्हदास नावाच्या सोनाराने केला. डोळ्यांनी पाहिलेला परग्रहवासी म्हणे! सोनाराने सही करून दिलाय.

अनेक हातांचा "प्राणी" तर रावण निघाला. देवळाच्या दक्षिण अंगाला, जोत्याच्या तळाशी, अंधाऱ्या कोनाड्यात तो वीस हातांनी कैलास हलवतोय. वर पार्वती घाबरून शंकराला बिलगलीय, दासी पळत सुटलीय आणि शंकर पायाच्या अंगठ्याने पर्वत दाबतोय. आता तो शिल्पपट जागेवर ठेवून पाहा. हे देऊळच कैलास पर्वत आहे. म्हणजे रावण ज्याला हलवतोय ते आपल्या डोक्यावरचं अख्खं देऊळ! तळाशी रावण खोदायचा हे ज्याला सुचलं त्याला कथा तोंडपाठ होती, दगड कळत होता आणि बघणारा कुठे उभा राहील हेही ठाऊक होतं. मंडपाच्या छतावरची "विमानांची खूण" म्हणजे उमललेलं कमळ आणि त्याभोवती चार सिंह. ते दिसायला विमान लागत नाही, बाजूच्या डोंगरावर चढून गेलं की दिसतं. मी चपलांवर चढलेय.

"पुरावा नाही." देवळावर राजाचं नाव सांगणारा बांधकामाचा लेख नाही, हे कबूल. हे देऊळ ज्याच्या नावावर सांगतात त्या राष्ट्रकूट राजा कृष्णराजाच्याच काळात सगळं काम झालं असंही अभ्यासक मानत नाहीत. काही त्याच्या आधीच्या दंतिदुर्ग राजाच्या वेळी सुरू झालं असावं, काही नंतरची भर आहे. मजकुरातली ती 18 वर्षं म्हणजे बहुधा कृष्णराजाच्या कारकिर्दीचीच लांबी. पण बडोद्याला एक ताम्रपट सापडला, शके 734 चा, म्हणजे इसवी सन 812 च्या सुमाराचा. तो राष्ट्रकूट घराण्याच्याच गुजरात शाखेतल्या कर्कराजाचा आहे. त्याचा अर्थ रा. गो. भांडारकरांनी 1883 मध्येच उलगडून दाखवला. त्यात सांगितलंय की कृष्णराजाने एलापूरच्या, म्हणजे वेरूळच्या, डोंगरावर असं शिवालय करवलं की विमानातून फिरणारे देव ते पाहून थक्क झाले आणि म्हणू लागले, हे स्वयंभू असलं पाहिजे, हातांनी केलेल्या वस्तूत अशी शोभा नसते. आणि ज्या शिल्पीने ते घडवलं तोही पुन्हा तसं करायला धजेना, स्वतःच चकित होऊन म्हणाला, "एतन्मया कथमहो कृतम्". अरे, हे मी केलं तरी कसं!

मावशी, हे दोनदा वाच. विमानं हवीत ना? ही घे. बाराशे वर्षांपूर्वीच्या लेखात विमानं आहेत. पण विमानातले आलेत बघायला. आ वासून बघतायत आणि अगदी तुझ्या मजकुरासारखंच बोलतायत: माणसाचं काम नव्हे हे. करणारा खाली उभा आहे, हातात टाकी घेऊन. "टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही" हे तू आम्हाला दर परीक्षेच्या निकालाला ऐकवलंस. त्या टाक्या मारणारे हात एका फॉरवर्डमध्ये पुसून टाकलेस.

राहिला औरंगजेब. मूर्तींची नाकं, हात, सोंडा फुटलेल्या आहेत, हे डोळ्यांना दिसतं आणि ती माणसांनीच फोडलीत, हेही मान्य. त्याची वकिली मला करायची नाही. पण हजार माणसं, तीन वर्षं या गोष्टीला त्या काळातला आधार कुणी दाखवत नाही, आणि त्याच्याच एका पत्रात वेरूळला खऱ्या कारागिराच्या, म्हणजे ईश्वराच्या, करणीतलं आश्चर्य म्हटलंय. म्हणजे थक्क होऊन माणसाचं श्रेय दुसऱ्याला देण्यात तोही तुझ्याच पंगतीला.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. मावशीचं उत्तर आलं, "तुला आपल्या संस्कृतीचा अभिमानच नाही." काकांनी अंगठा दाखवला, कुणाला ते कळलं नाही. मावशी घृष्णेश्वराला आजवर तीनदा जाऊन आलीय आणि तिथून हाकेच्या अंतरावरची लेणी तिने एकदाही पाहिलेली नाहीत. "ऊन होतं." आता श्रावणात पुन्हा जायचं म्हणतेय. भाचीला बरोबर घे म्हणून कळवलंय, आणि मंगळवार सोडून जा म्हटलंय, त्या दिवशी लेणी बंद असतात.