वीस एकर आणि रोजंदारी

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात राहणाऱ्या मराठी घरात भारतातून पाहुणे आले की स्विस लोकांनी वसवलेल्या न्यू ग्लॅरस गावाची चक्कर ठरलेली. मॅडिसनहून गाडीने पाऊण तासाच्या आत पोचता येतं. नक्षीदार लाकडी सज्जे, खिडक्यांत लाल फुलं, बेकरी, चीजचं दुकान, भरपूर फोटो. मिलवॉकी शहराच्या साऊथ साइड भागात मात्र पाहुण्यांना कुणी नेत नाही. तिथे एकाला एक चिकटलेली जुनी कामगारांची घरं, बंद पडलेले कारखाने आणि मधेच कुठेतरी चर्चचा घुमट.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा एक संदेश. न्यू ग्लॅरसचे फोटो टाकून एका गृहस्थांनी खाली लिहिलं, "स्विस माणूस जाईल तिथे सोनं करतो. पोलिश, स्लोव्हाक आणि बाकीचे स्लाव लोक त्याच देशात, त्याच काळात आले आणि पिढ्यान्पिढ्या कारखान्यात राबत बसले. रक्तातच असावं लागतं." त्याला भराभर अंगठे आले. तिथे उत्तर लिहायला बसले तर ते एवढं लांबलं की इथेच टाकते आहे.

पहिली गोष्ट म्हणजे दोघे "त्याच काळात" आलेले नाहीत. माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे.

न्यू ग्लॅरस वसवणारे लोक 1845 साली आले. आजच्या स्वित्झर्लंडकडे बघून तेव्हाच्या स्वित्झर्लंडचा अंदाज बांधता येत नाही. ग्लॅरस हा डोंगराच्या कुशीतला चिंचोळा प्रांत. घराघरांत सूतकताई आणि विणकाम चालायचं, ते यंत्रांनी खाल्लं. त्यातच पिकं बुडाली. माणसं उपाशी होती, आणि प्रांताला ती पोसण्यापेक्षा जहाजात बसवून देणं स्वस्त वाटत होतं. (याच ग्लॅरसमध्ये छापलेलं लाल रंगाचं सुती कापड पुढे मुंबईच्या बाजारात येत असे. शिवाय विंटरटूरच्या फोल्कार्ट बंधूंनी 1851 मध्ये आपली पेढी विंटरटूर आणि मुंबईत एकाच वेळी उघडली. त्याच फोल्कार्ट आणि टाटांच्या भागीदारीतून 1954 साली व्होल्टास उभी राहिली. घरातल्या एसीचा स्विस गरिबीशी असा लांबचा संबंध आहे.)

पण या गरिबांना पाठवताना एक काम नीट झालं. स्थलांतर मंडळाने आधी दोन माणसं पुढे धाडली, निकोलाउस ड्युर्स्ट आणि फ्रिडोलिन श्ट्राइफ. त्यांनी हिंडून, पाहून विस्कॉन्सिनच्या ग्रीन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं) सुमारे 1,200 एकर जमीन घेतली. सरकारी भाव एकरी सव्वा डॉलर होता. मागून आलेल्या प्रत्येक कुटुंबाच्या वाट्याला 20 एकर आले. वाटेत हाल झाले, सुरुवातीचे हिवाळे भयंकर गेले, हे खरंच आहे. पण पाय ठेवला त्या दिवसापासून पायाखालची जमीन त्यांची होती.

पुढे गव्हाने दगा दिला. जमिनीचा कस गेला, कीड आली. तेव्हा हे लोक गाईंकडे वळले. 1868 च्या सुमारास निकोलाउस गेर्बरने लिंबर्गर चीजचा कारखाना काढला आणि बघता बघता काउंटीभर चीजचे छोटे कारखाने झाले. लिंबर्गरच्या वासाने शेजारच्या मन्रो गावातले लोक हैराण झाले, त्यावरून भांडणं झाली, पण चीज विकलं जात होतं. इथे स्विस कौशल्याला दाद द्यायलाच हवी. दूध एकत्र करून चीज बनवायचं आणि नफा वाटून घ्यायचा, ही पद्धत त्यांना डोंगरातल्या सामाईक कुरणांपासून ठाऊक होती. मात्र ते कौशल्य वापरायला गाय लागते, गाईला कुरण लागतं, आणि कुरणाला सातबारा लागतो.

आता मिलवॉकीला या.

पोलिश लोक इथे मोठ्या संख्येने आले ते 1870 नंतर. बहुतेक पोझनान आणि पोमेरानियातले, म्हणजे प्रशियाच्या ताब्यातल्या पोलंडचे. बिस्मार्कचं सरकार त्यांच्या चर्चच्या आणि भाषेच्या मागे लागलं होतं. जमिनी मोठ्या जमीनदारांकडे होत्या, बाकीच्यांकडे तुकडे. आणि एक लक्षात घ्या, हे निरक्षर नव्हते. प्रशियात शाळा सक्तीची होती. त्यामुळे "स्विस शिकलेले आणि पोलिश अडाणी" हे उत्तर मिलवॉकीला तरी लागू पडत नाही. ते आले तेव्हा दक्षिण विस्कॉन्सिनमधली स्वस्त, चांगली जमीन संपली होती. 1890 च्या जनगणनेनंतर तर सरकारनेच सांगितलं की आता सीमावर्ती मोकळा प्रदेश असा उरला नाही. मग उरलं काय? लोखंडाची रोलिंग मिल, चामड्याचे कारखाने, गोदीतली हमाली. सगळं रोजंदारीवर.

5 मे 1886. आठ तासांच्या दिवसासाठी मिलवॉकीत संप चालू होता. सेंट स्टॅनिस्लाउस चर्चपाशी जमलेले कामगार, बहुतांश पोलिश, बे व्ह्यूच्या रोलिंग मिलकडे चालत निघाले. गव्हर्नर जेरेमाया रस्कने बोलावलेल्या राज्याच्या सैनिकांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. किमान सात जण गेले, त्यात 13 वर्षांचा एक शाळकरी मुलगा होता. तिकडे पेनसिल्व्हेनियात 1897 मध्ये कायदा झाला की कंपनीने प्रत्येक परदेशी कामगारामागे रोज 3 सेंट कर भरायचा, आणि कंपन्यांनी तो सरळ मजुरीतून कापला. त्याच वर्षी 10 सप्टेंबरला लॅटिमरच्या कोळसा खाणीकडे निघालेल्या निःशस्त्र मोर्चावर शेरीफच्या माणसांनी गोळीबार केला. हातात अमेरिकेचा झेंडा घेऊन निघालेल्यांपैकी 19 जण मेले. बहुतेक स्लोव्हाक, पोलिश, लिथुआनियन. खटला चालला आणि शेरीफसकट सगळे निर्दोष सुटले.

न्यू ग्लॅरसच्या शेतकऱ्यावर कुणी गोळी झाडायला गेलं नाही, कारण तो कुणाकडे पगारच मागत नव्हता.

आणि तरी या रोजंदारीवरच्या माणसांनी काय केलं ते बघण्यासारखं आहे. पै पै साठवून छोटं लाकडी घर घ्यायचं. मग ते जॅक लावून वर उचलायचं, खाली खणून अर्धवट तळघरात दुसरं बिऱ्हाड तयार करायचं, आणि ते भाड्याने द्यायचं किंवा गावाकडून आलेल्या भावाला द्यायचं. याला आजही मिलवॉकीत "पोलिश फ्लॅट" म्हणतात. बँका दारात उभं करत नव्हत्या, म्हणून चर्चच्या आधाराने स्वतःच्या बचत-कर्ज संस्था काढल्या. घरात बिनलग्नाचे बोर्डर, म्हणजे पैसे देऊन राहणारे-जेवणारे, ठेवायचे आणि बाई पहाटेपासून रात्रीपर्यंत त्यांचे डबे आणि कपडे करायची. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका ज्यांनी पाहिल्यात त्यांना हे चित्र समजावून सांगायला नको. 1880 मध्ये सुरू झालेल्या पोलिश नॅशनल अलायन्स या संस्थेने पुढे विम्याचीही व्यवस्था उभारली: खाणीत किंवा भट्टीपाशी माणूस मेला तर त्याच्या बायकोच्या हातात चार पैसे पडावेत म्हणून.

साऊथ साइडचा तो घुमट सेंट योसाफात बॅसिलिकाचा. शिकागोचं जुनं पोस्ट ऑफिस पाडलं जात होतं, तेव्हा फादर ग्रुत्झा यांनी त्याचा मालमसाला 20,000 डॉलरला विकत घेतला. दगड, खांब, दारं, सगळं रेल्वेच्या 500 उघड्या वाघिणींवर लादून मिलवॉकीला आणलं. 1901 मध्ये चर्च उभं राहिलं आणि या गरीब वस्तीच्या डोक्यावर डोंगराएवढं कर्ज बसलं. ते फेडताना लोकांची कंबर मोडली. मला स्वतःला हा निर्णय शहाणपणाचा वाटत नाही. एवढ्या पैशांत शाळा निघाल्या असत्या. पण ज्यांना लोक आळशी आणि पुढचा विचार नसलेले म्हणतात ते हेच.

आता "रक्ता"बद्दल. ते पारखायचं असेल तर ब्राझीलला जावं लागतं.

1840 आणि 50 च्या दशकांत स्वित्झर्लंडमधल्या गावांनी आपले गरीब लोक फक्त विस्कॉन्सिनला पाठवले नाहीत, साओ पावलोच्या कॉफीच्या मळ्यांवरही पाठवले. लिमेइराजवळचा इबिकाबा मळा सिनेटर व्हेर्गेइरो यांचा. करार अर्धेलीचा. जहाजाचं भाडं, धान्य, औषध, सगळं मजुराच्या नावावर कर्ज म्हणून लिहायचं, वर व्याज. कॉफीचं माप मालकाचं, पैशाचा दर मालकाचा, हिशोबाची वही मालकाची. कर्ज फिटेपर्यंत मळा सोडायचा नाही. 1856 च्या डिसेंबरात थोमास डावात्स या शाळामास्तराच्या पुढाकाराने हे स्विस मजूर उठले. बोभाटा युरोपपर्यंत गेला. चौकशीसाठी स्वित्झर्लंडहून दूत पाठवावा लागला, आणि 1859 मध्ये प्रशियाने आपल्या लोकांना तिकडे नेणाऱ्या दलालांना बंदी केली.

तेच डोंगर, त्याच शाळा, तीच शिस्त. एकाला 20 एकर मिळाले, दुसऱ्याला कर्जाची वही.

उलट बाजूही आहे. चेक लोकही स्लावच. त्यांच्यातले बरेच 1850 पासूनच आले, चांगले लिहिते-वाचते होते, आणि थोडीफार पुंजी घेऊन आले. विस्कॉन्सिनच्या केवॉनीत आणि पुढे नेब्रास्कात त्यांनी जमिनी घेतल्या आणि बाकीच्या शेतकऱ्यांसारखेच स्थिर झाले. 1862 च्या होमस्टेड कायद्याने 160 एकर जवळजवळ फुकट मिळत होते, त्याचाही त्यांना फायदा झाला. खुद्द पोलिश लोकांमध्येही स्टीव्हन्स पॉइंटच्या आसपास जमीन धरणारे निघाले. पण तोपर्यंत उरली होती ती वाळूची आणि दगडगोट्यांची. त्यांनी तिथे बटाटा लावला आणि दोन-तीन पिढ्या ओढगस्तीत काढल्या. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर सिंचनाचे पंप आले आणि तीच वाळू देशातल्या चांगल्या बटाटा-भाजीच्या पट्ट्यांपैकी एक ठरली. पणजोबापेक्षा पणतू जास्त कष्टाळू होता म्हणून हे झालं, असं म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

ही "रक्ताची" थिअरी अमेरिकेने कायद्यातही घातली होती. 1924 च्या स्थलांतर कायद्यात प्रत्येक देशाचा कोटा 1890 च्या जनगणनेवरून ठरवला. 1890 च का? तर त्यानंतर आलेले स्लाव, इटालियन आणि ज्यू मोजणीत येऊ नयेत म्हणून. त्यावेळी चाळीस लाखांच्या आत लोकसंख्या असलेल्या स्वित्झर्लंडला वर्षाला 2,081 जागा मिळाल्या. अडीच कोटींहून मोठ्या पोलंडला 5,982. सर्ब, क्रोएट, स्लोव्हेन अशा सगळ्यांच्या मिळून झालेल्या युगोस्लाव्हियाला 671. आणि आपल्याला? 1917 पासूनच दार बंद होतं, 1923 मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने नागरिकत्वही नाकारलं. 1946 मध्ये दार किलकिलं झालं ते वर्षाला 100 भारतीयांसाठी. रक्तावरून माणसं मोजायची झाली तर त्या यादीत आपण युगोस्लाव्हियाच्याही खाली होतो.

मग आज काय स्थिती आहे? पोलिश, चेक, स्लोव्हाक वंशाच्या कुटुंबांचं उत्पन्न आज देशाच्या मध्यम उत्पन्नाच्या वरच आहे. स्विस वंशाच्यांचंही तसंच. जी दरी शंभर वर्षांपूर्वी कायमची वाटत होती ती तीन पिढ्यांत जवळपास बुजली. 1935 च्या कायद्याने संघटनेचा हक्क मिळाला, युनियनचे पगार आले, दुसऱ्या महायुद्धानंतर जीआय बिलाने, म्हणजे सैनिकांना मदत देणाऱ्या कायद्याने, परतलेले सैनिक कॉलेजात गेले आणि उपनगरांत घरं झाली. राजकारणातही तेच. स्विस आईबापांचा मुलगा इमॅन्युएल फिलिप 1915 मध्ये विस्कॉन्सिनचा गव्हर्नर झाला. साऊथ साइडचा क्लेमंट झाब्लोत्स्की 1949 मध्ये काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, गेला आणि 1983 पर्यंत तिथेच राहिला. मधल्या काळात आडनावं कापली गेली, पोलिश माणसाला मूर्ख ठरवणारे "पोलिश जोक्स" निमूट ऐकून घेतले गेले, ते वेगळंच.

न्यू ग्लॅरसबद्दल एक बारीक तपशील राहिला. ते सज्जे आणि ती फुलं 1845 ची नाहीत. 1962 मध्ये गावातला पेट मिल्कचा आटीव दुधाचा कारखाना बंद पडला, रोजगार गेला, तेव्हा गावाने ठरवून हा स्विस मुखवटा चढवला. धंदा म्हणून झकास कल्पना, मला गाव आवडतंही. मिलवॉकीतले कारखाने बंद पडले तेव्हा तिथल्या लोकांना असं काही करता आलं नाही. आठ तासांच्या दिवसासाठी गोळ्या खाल्लेल्या वस्तीचं पर्यटन होत नाही.

ग्रुपवरचे ते गृहस्थ, मी आणि आमच्या मंडळातले बहुतेक जण 1965 च्या स्थलांतर कायद्यानंतरच्या रांगेतले. त्या कायद्याने आपल्यासारख्यांना डिग्री बघून आत घेतलं. आपल्यातल्या कितीतरी जणांची डिग्री सरकारी कॉलेजातली, नाममात्र फीवरची. ती आपली 20 एकर. एकोणिसाव्या शतकात कोकणातून जी मराठी माणसं करारावर सही किंवा अंगठा देऊन मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेली, त्यांच्याकडे ती नव्हती. रत्नागिरीकडचीच माणसं होती ती, आडनावंही आपल्याच ओळखीची.

हे सगळं मी ग्रुपवर थोडक्यात लिहिलं. त्यावर एकाने विचारलं, "म्हणजे संस्कारांना काहीच किंमत नाही?" आहे ना. संस्कार म्हणजे काय ते बघायचं असेल तर मिलवॉकीत जॅकवर उचललेली घरं अजून उभी आहेत, गाडी तिकडे वळवा.